सारजाबाईंनी परत मागितलेले पेढे

बाळीवेशीच्या आतल्या एका बोळात सारजाबाईंचं पेढ्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचा पुढचा ओटा, ओट्यावर चौरंग, चौरंगावर पितळी परात आणि परातीवर धुतलेलं पांढरं फडकं. नावाची पाटी वगैरे काही नव्हती. तरी गिरणीतून सुटलेले लोक वेशीपाशी येऊन "केमच्या बाईचं दुकान कुटं हाय?" असं विचारायचे आणि कुणीही बोळाकडे बोट करायचं.

माझी आई, अनसूया, लग्न होऊन सोलापुरात आली ती त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत. माझे वडील शाळामास्तर होते. ही हकिकत माझ्या जन्माच्या आधीची, एकोणीसशे तीसनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. निम्मी मला आईनं सांगितली आणि निम्मी खुद्द सारजाबाईंनी, म्हातारपणी आमच्या ओसरीवर पाय पसरून बसल्या असताना.

सारजाबाई केमच्या. करमाळा तालुक्यातलं हे रेल्वे स्टेशनचं गाव. वडिलांच्या म्हशी होत्या आणि घराच्या मागं खव्याची भट्टी. दूध आटताना कढईच्या कडेला साय कधी धरते, उलथणं कधी जड लागायला लागतं, हे त्यांना लहानपणापासून हातानंच कळायचं. लग्न झालं ते महिपतीशी. तो सोलापुरात कापडाच्या गिरणीत विणकाम खात्यात होता. माणूस कष्टाळू, पण तापट आणि लोक काय म्हणतील याची फार धास्ती बाळगणारा. गिरणी कधी चालू, कधी बंद. एकदा संपात घरी बसून राहायची वेळ आली तेव्हा सारजाबाईंनी भावाला सांगून केमहून खवा मागवला आणि पेढे करून ओट्यावर मांडले. ते चालले. पुढे गिरणी सुरू झाली तरी पेढे थांबले नाहीत. भाऊ ज्ञानू सकाळच्या गाडीनं खव्याची पाटी धाडायचा आणि बाई स्टेशनवर जाऊन ती डोक्यावर घेऊन यायच्या.

खवा आला की त्या तो मंद आचेवर पुन्हा परतायच्या, गार करून साखर-वेलदोडा मिसळायच्या आणि एकेक गोळा तळहातावर वळून मधोमध अंगठा दाबायच्या. तो अंगठ्याचा खळगा म्हणजेच त्यांच्या पेढ्याची खूण. त्या स्वतः पेढा तोंडात टाकत नसत. एवढा खवा जन्मभर हुंगल्यावर खायची वासनाच उरली नाही, म्हणायच्या.

मदतीला निंगव्वा होती. शहराबाहेर दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीत राहायची. मूळची अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी, मराठी तोडकंमोडकं पण चटपटीत. नवरा वारल्यावर ती बोळातल्या चार घरची भांडी घासायची. सारजाबाईंच्या कढया आणि पराती ती मागच्या अंगणात बसून राखेनं अशा घासायची की तोंड दिसावं. पण पुढच्या ओट्यावर ती कधी येत नसे. ती आलेली लोकांना चाललं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि बाईंनाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या यात्रेला गर्दी फार होती. सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे सोलापूरचा सण. नंदीध्वजांच्या काठ्या मिरवत निघायच्या, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानात, पाळणे आणि दुकानं लागायची, आणि कर्नाटकाच्या बाजूनं बैलगाड्यांची रीघ लागायची. परत जाणारा माणूस घरी काहीतरी गोड न्यायचाच. ज्ञानूनं नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त खवा धाडला होता.

यात्रेच्या थोडं आधी पाटी उतरवताना बांबूची काडी सारजाबाईंच्या उजव्या अंगठ्यात, नखाच्या कडेला घुसली. काडी निघाली, पण अंगठा सुजला. नखुर्डं झालं. त्यांनी हळद आणि भाजलेला कांदा बांधला. ठणका लागायचा, पण यात्रेच्या तोंडावर अंगठा घेऊन बसायला सवड कुणाला होती? अक्षतेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या, आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी पेढे वळले. संपूर्ण खवा संपेपर्यंत वळत राहिल्या. परातींवर पराती रचून, फडकी घालून, चुलीच्या उबेच्या खोलीतच ते पेढे रात्रभर राहिले. दुसरी जागा नव्हती.

अक्षतेच्या दिवशी ऊन चढेपर्यंत सगळ्या पराती रिकाम्या झाल्या. काही पेढे बोळातल्या घरांत गेले, काही पेठांत, काही यात्रेकरूंच्या गाठोड्यांत. माझ्या आजीनं देवापुढं ठेवायला घेतले आणि नैवेद्य झाल्यावर आईच्या हातावरही एक ठेवला.

दुपार कलली तशी आईला मळमळायला लागलं. नवी सून, सांगायचं कसं, म्हणून ती मागच्या अंगणात जाऊन ओकली. परत येते तो सासूबाई खांबाला धरून बसलेल्या. समोरच्या घरात बजाबाईंचा सासरा आणि दोन्ही मुलं. दोन घरं सोडून आणखी एक बिऱ्हाड. गिरणीतून आलेला महिपती तर दारातच बसला आणि पोट धरून वाकला. तो एरवी पेढा खायचा नाही, पण सणाचा दिवस म्हणून गिरणीत जाताना त्यानं परातीतले दोन तोंडात टाकले होते.

"पटकी आली," कुणीतरी म्हणालं, आणि तो शब्द बोळभर झाला.

यात्रा आणि पटकी यांचं नातं सोलापूरकरांना ठाऊक होतं. मागं एकदा यात्रेनंतर घरंच्या घरं बसली होती. लोकांनी आडाचं पाणी काढायचं थांबवलं. एका कुटुंबानं गाठोडं बांधून गावाकडची वाट धरली. कुणी म्हणे आता नगरपालिकेचे लोक येणार आणि आजारी माणसांना उचलून छावणीत नेणार.

दिवेलागणीच्या सुमाराला डॉक्टर वेणीमाधव टांग्यातून आले. दवाखान्यातले डॉक्टर, सावकाश बोलणारे, नाकावर खाली घसरलेला चष्मा. त्यांनी प्रत्येक घरात जाऊन माणसं तपासली. मग बोळाच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घाबरू नका. ही पटकी नाही. पटकी अशी एकदम उलटीनं सुरू होऊन उलटीनंच उतरायला लागत नाही. सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी लिंबू पिळून द्या, घोटघोट. आणि मला एवढंच सांगा, आज तुम्ही सगळ्यांनी मिळून काय खाल्लंत?"

काय सांगणार? कुणाकडे बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, कुणाकडे सांजा. पाणी तर दोन वेगवेगळ्या आडांचं. बोलता बोलता सगळ्या घरांत एकच जिन्नस निघाला.

सारजाबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत बजाबाई पुढं आल्या. बजाबाई म्हणजे समोरच्या घरातल्या, आवाजानं मोठ्या. "त्या निंगव्वाचा हात लागतो की भांड्यांना! कुटली कुटली घाण तुडवीत येती आणि हितं पराती घासती. म्हणलं न्हवतं मी?"

निंगव्वा तिथंच होती. महिपतीसाठी आडावरून पाण्याची घागर आणून तिनं नुकतीच मागच्या दारात ठेवली होती आणि गलका ऐकून बोळात आली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं सारजाबाईंकडे बघितलं. सारजाबाई गप्प राहिल्या. निंगव्वानं पदर डोक्यावरून ओढला आणि ती बोळातून चालती झाली.

डॉक्टर म्हणाले, "भांडी दाखवा पाहू." त्यांनी कढई बघितली, परात बघितली, बोट फिरवून बघितलं. "भांडी तर लख्ख आहेत," म्हणाले. मग त्यांचं लक्ष परात धरलेल्या हाताकडे गेलं.

"बाई, अंगठ्याला काय झालंय?"

"नखुर्डं हाय. पाटीची काडी लागली."

"पेढे वळायच्या आधीपासून?"

"व्हय."

"वळताना ही पट्टी होती?"

"पट्टी काढूनच वळले की. हळद लागली असती पेढ्याला."

डॉक्टरांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि पट्टी सोडली. अंगठा पिकून पिवळा झाला होता. डॉक्टरांनी तो दिव्याजवळ धरून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "या पुवात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते खव्यात पडले आणि खवा उबेत रात्रभर राहिला, तर ते त्यात विष करतात. वास येत नाही, चव बदलत नाही. अलीकडे मी हे वाचलंय. समोर घडलेलं आजच बघतोय, तेव्हा पैजेवर सांगत नाही. पण मला तरी दुसरं कारण दिसत नाही."

"पेढे परत परतले, कडक केले, तर?" सारजाबाईंनी विचारलं.

"उपयोग नाही. जंतू मरतील, विष राहील. धडधाकट माणूस ओकून मोकळा होईल. पण म्हातारं, तान्हं, बाळंतीण असेल तर मला सांगता येणार नाही. जे शिल्लक असतील ते कुणाच्या पोटात जाता कामा नयेत."

मग त्यांनी पेटीतून शस्त्र काढून, उकळत्या पाण्यात घालून, तिथंच अंगठा फोडला. आई सांगायची, सारजाबाईंचं लक्ष अंगठ्याकडे नव्हतंच. त्या बोळाच्या तोंडाकडे बघत होत्या.

बाजेवर पडलेल्या महिपतीला उलट्यांनी गळाठा आला होता, तरी त्याला बोलायची ताकद होती. "डॉक्टर काय गावभर सांगत फिरायचे न्हाईत," तो म्हणाला. "दोन दिसांनी लोक इसरतील. तू कशाला त्वांड उघडतीस? निंगव्वाचं नाव झालंय, हूं दे. तिला काय हितं दुकान मांडायचंय?"

"तिच्या हाताला काय झाल्यालं न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. "माझ्या झालंय."

"आगं, पण दुकान बसंल!"

"बसू दे. कुणाच्या तरी घरात माझे पेढे हायेत अजून. ते लोक उद्या सकाळी पोराच्या हातावर ठिवतील."

महिपतीनं भिंतीकडे तोंड केलं. तिथून पुढं बरेच दिवस त्यानं त्यांच्याशी नीट बोलणं टाकलं.

सकाळी उजाडल्यावर सारजाबाई दवंडी पिटणाऱ्या रामहरीकडे गेल्या. हरवलेलं जनावर, लिलाव, टाक्याचं पाणी बंद, असल्या दवंड्या तो नेहमी द्यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हलगी शेकता शेकता म्हणाला, "म्हणतो मी, की यात्रेत घेतल्याले पेढे कुणी खाऊ नयेत."

"असं न्हाई. मग समद्या हलवायांचे पेढे लोक फेकतील. त्यांनी काय केलंय?"

"मग?"

"म्हण, बाळीवेशीच्या बोळातल्या सारजाबाई केमकर. अक्षतेच्या दिशी तिच्या ओट्यावरनं घेतल्याले, मधी अंगठा दाबल्याले पेढे. ते खाऊ नका, जनावराला घालू नका, तिला परत द्या. ती दारावर येती हाय."

रामहरी घोटाळला. "बाई, नाव घिऊ? मी आजवर चोराचंबी नाव दवंडीत घेतल्यालं न्हाय."

"घे. नावाबिगर लोकांना कळायचं कसं?"

मग पुढं हलगी आणि मागं डोक्यावर रिकामी पाटी घेतलेल्या सारजाबाई, असे ते दोघं निघाले. कसब्यातून, मंगळवार पेठेतून, साखर पेठेतून. गिऱ्हाइकांची नावं बाईंना ठाऊक नव्हती, पण कोण कुठल्या अंगानं आलं, कुणी कुठलं लुगडं नेसलं होतं, कुणाच्या कडेवर पोर होतं, हे त्यांना आठवत होतं. दारावर जाऊन त्या पाटी खाली ठेवायच्या आणि एकच वाक्य सांगायच्या, "माझा अंगठा पिकला हुता, त्या हातानं मी पेढे वळले, ते परत द्या."

कुणी निमूट आणून दिले. कुणी म्हणालं, आम्ही कालच खाल्ले आणि रात्रभर तळमळलो, आता सांगतेस होय! ते ऐकून घ्यायच्या. विणकरांच्या एका घरातल्या तेलुगू म्हातारीनं पेढे दिलेच, वर बाईंचा अंगठा बघून आत जाऊन स्वच्छ चिंधी आणून बांधली. एका मोठ्या घरच्या गृहस्थांनी पेढे गटारात भिरकावले आणि म्हणाले, "पुन्हा या दारात दिसू नकोस." सारजाबाईंनी गटारातले पेढे वेचून पाटीत घातले, कारण तिथं कोंबड्या हिंडत होत्या. ज्यांनी पैसे परत मागितले त्यांना दिले, आणि पुढच्या दाराला गेल्या.

साखर पेठेच्या कोपऱ्यावर त्या एकदम थांबल्या. यात्रेला दरवर्षी येणारी एक कानडी बाई त्यांना आठवली. गंगम्मा. अक्कलकोट रोड स्टेशनला उतरून पुढं बैलगाडीनं जायचं, बसवण्णाच्या देवळामागं घर, असं ती बोलण्यात सांगायची. काल तिनं चांगले टोपलीभर पेढे घेतले होते. लेक बाळंत झालीय, बारशाला वाटायचेत, म्हणाली होती. म्हणजे घरात बाळंतीण आणि तान्हं मूल.

दवंडी तिथवर पोचणार नव्हती. सारजाबाईंनी पाटी रामहरीकडे दिली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते पेढे खोल खड्ड्यात पुरायला सांगितलं आणि तिथून त्या थेट शहराबाहेरच्या वस्तीत गेल्या.

निंगव्वा खोपटाबाहेर चुलीशी बसून भाकरी भाजत होती. तिनं वर बघितलं नाही.

"निंगव्वा, माझ्यासंगं चल. मला कानडी येत न्हाय."

निंगव्वानं भाकरी उलटली. "काल माझं नाव घेतलं. तू गप उभी हुतीस, अक्का."

"व्हय. गप हुते."

"का?"

"मला वाटलं, तसंच असंल तर बरं," एवढंच सारजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी अंगठ्याचं, डॉक्टरांचं, दवंडीचं आणि गंगम्माच्या बाळंतिणीचं सगळं सांगितलं.

निंगव्वानं शेवटची भाकरी तव्यावरून काढली, फडक्यात बांधली आणि चुलीवर पाणी शिंपडलं. "बाळंतीण हाय म्हणतीस. चल," ती म्हणाली. वाटेत मात्र ती फारशी बोलली नाही. गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. तिनं भाकरी सोडली तेव्हा अर्धी सारजाबाईंपुढं धरली, आणि बाईंनी ती घेतली. बोळात असताना हे कधी घडलं नव्हतं.

अक्कलकोट रोडला उतरून त्यांनी कडबा टाकून परतणारी एक बैलगाडी गाठली. गावात पोचल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. बसवण्णाच्या देवळामागच्या घरात बायका जमल्या होत्या, कानडीत पाळणा म्हणणं चाललं होतं. देवघराच्या उंबऱ्यापाशी तबकात पेढे मांडलेले, वर फुलं वाहिलेली.

गंगम्मा आनंदानं पुढं आली. सोलापूरच्या पेढेवाल्या बाई बारशाला आल्या असंच तिला वाटलं. निंगव्वानं कानडीत सांगायला सुरुवात केली आणि गंगम्माचा चेहरा बदलत गेला.

"याके?" तिनं विचारलं. म्हणजे, का?

सारजाबाईंनी चिंधी सोडून अंगठा पुढं केला.

गंगम्मा मागं सरली. मग तिला राग आला. पेढे देवापुढं ठेवून झालेत, ती म्हणाली, आता तो प्रसाद आहे. प्रसाद परत कसा द्यायचा? आणि प्रसादानं कुणाला बाधतं का? तोंडातून असं अभद्र काढायला आजचाच दिवस मिळाला? बायकांचा पाळणा थांबला. निंगव्वा तिचं बोलणं तुकड्या-तुकड्यानं मराठीत करून सांगत होती, सारजाबाईंचं कानडीत करत होती, आणि दोन्हीकडचा राग तिच्याच अंगावर येत होता.

"तिला इचार," सारजाबाई म्हणाल्या, "कुणी खाल्ला का अजून?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं. गंगम्माची लेक हेमावती बाजेवर बसली होती. तिला भूक आवरली नव्हती. नैवेद्य झाल्याबरोबर तिनं एक पेढा खाल्ला होता. ती अर्ध्या शब्दातच थांबली आणि तोंडावर पदर धरून वाकली.

मग वाद उरला नाही. गंगम्माचा नवरा वीरभद्रप्पा इतका वेळ दारात उभा होता. त्यानं तबक उचललं, फुलं काढून देवापाशी ठेवली, कुदळ घेतली आणि परड्यात जाऊन खड्डा खणला. पेढे पुरून, माती दाबून, वर दगड ठेवून आला. हात जोडून देवाला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते निंगव्वानं ऐकलं होतं, पण सारजाबाईंनी विचारलं तेव्हा "ते त्यांचं त्यांचं," एवढंच म्हणाली.

हेमावतीजवळ सारजाबाई बसल्या. डॉक्टरांनी बोळात सांगितलं होतं तसं पाणी उकळून गार केलं, मीठ-साखर-लिंबू घातलं, आणि निंगव्वानं ते चमच्यानं तिला पाजलं. सारजाबाईंनी अंगठ्यामुळं भांड्याला हात लावला नाही. निंगव्वाला सांगत राहिल्या. बाळ दुसऱ्या खोलीत आजीपाशी ठेवलं. हेमावती ओकायची, पडून राहायची, पुन्हा घोट घ्यायची. कोंबडं आरवायच्या सुमाराला तिला झोप लागली. जाग आली ती उन्हं आल्यावर, आणि तिनं पहिलं काय केलं असेल तर ज्वारीची कण्हेरी मागितली.

बारसं त्याच दिवशी दुपारी पुन्हा केलं. गूळ आणि खोबरं वाटलं. गंगम्मानं दोघींना खण दिले. ती अजूनही सारजाबाईंशी हसून बोलली नाही, पण बैलगाडीपर्यंत चालत आली आणि निंगव्वाला काहीतरी सांगितलं. "काय म्हणली?" सारजाबाईंनी विचारलं.

"म्हणली, मी असते तर आले नसते सांगायला."

सोलापुरात सगळे हळूहळू उठले. बजाबाईंचा सासरा तेवढा खूप दिवस अंथरूण धरून होता, पण तोही बरा झाला. दुकान मात्र बसलं, महिपती म्हणाला होता तसंच. केमहून खवा येणं बंद झालं. ज्ञानू स्वतः येऊन बहिणीला म्हणाला, "माझ्या खव्याला बोल लागू दिला न्हाईस, लई केलंस," आणि पाटी भरून शेंगा ठेवून गेला. त्या शेंगांची चटणी कुटून आणि कडक भाकरी करून बाईंनी गिरणीच्या फाटकाशी विकायला सुरुवात केली. कोरडा माल, टिकणारा. गिरणीतली माणसं दवंडी ऐकलेलीच होती. त्यातले काही मुद्दाम त्यांच्याकडूनच घ्यायचे, काही मुद्दाम घ्यायचे नाहीत.

वर्ष उलटल्यावर डॉक्टर वेणीमाधव एकदा बोळात कुणाला तरी बघायला आले होते. ओट्यावर थांबून म्हणाले, "अंगठा बरा झाला. पेढे का करत नाही?"

"भ्या वाटतं."

"भीती असू द्या. हात साबणानं धुवा, जखम असली की त्या दिवशी दुसऱ्याला वळू द्या, आणि आदल्या दिवशीचा माल ठेवू नका. एवढं केलंत तर मी पहिला गिऱ्हाईक."

दुसऱ्याला वळू द्यायचे म्हणजे कुणाला, हा प्रश्न होता. सारजाबाई पुन्हा त्या वस्तीत गेल्या. दवंडीच्या दिवसापासून निंगव्वानं बोळातली सगळी कामं सोडली होती. बजाबाईंनी दोनदा निरोप धाडूनही ती आली नव्हती.

ती म्हणाली, "भांडी घासायला येत न्हाय, अक्का."

"मग?"

"तुझ्या बरोबरीनं वळणार. आणि पुढं बसणार. लोकांच्या हातात मी देणार पेढे."

सारजाबाई आधी काही बोलल्या नाहीत. त्यांना बोळ माहीत होता. ओट्यावर निंगव्वा बसली तर कोण येईल आणि कोण येणार नाही, हे त्यांना एकेका घरानिशी सांगता आलं असतं. या वेळी मात्र त्या फार वेळ गप्प राहिल्या नाहीत. "ये," म्हणाल्या.

महिपतीनं दोन दिवस जेवण टाकलं, मग जेवायला लागला. बजाबाईंनी तोंड फिरवलं ते कायमचं. माझ्या आजीनं सारजाबाईंशी बोलणं सोडलं नाही, पण त्यांचा पेढाही पुन्हा कधी खाल्ला नाही; आजारामुळं की निंगव्वामुळं, हे तिनं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी डॉक्टर आले. निंगव्वानं पानावर पेढे ठेवून त्यांच्या हातात दिले, त्यांनी तिथंच उभ्यानं एक खाल्ला. मग गिरणीतले लोक, विणकरांच्या बायका, स्टेशनचे हमाल असे एकेक करून येत गेले. पूर्वीएवढी गर्दी कधी झाली नाही. रोज थोडा खवा यायचा आणि संध्याकाळपर्यंत संपायचा. उरला तर दोघी मिळून तो पुरायच्या.

मला आठवतं तेव्हापासून त्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या बसलेल्या असायच्या. एक मराठीत भाव सांगायची, दुसरी कानडीत. आईनं मला पेढे आणायला पाठवलं की मी निंगव्वाच्या बाजूला जायचे, कारण ती एक पेढा जास्त टाकायची आणि सारजाबाई ते बघून न बघितल्यासारखं करायच्या.